शेवटच्या घराचा नळ

नस उघडली सहा बावीसला.
वेळ मीच लिहिली वहीत.
वायर गेली, गाठ खेचून काढली, फुगा फुगला,
जाळी भिंतीला घट्ट बसली.
पडद्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं,
झालं, हातमोजे काढा.

पण डाय सोडला
आणि तो नसेत उभाच राहिला.
सिंहगड रोडला सिग्नल हिरवा होऊनही
पुढची रांग हलू नये, तसा.
नाही, तसाही नाही. रांग निदान हॉर्न वाजवते.
हा गप्प होता.
आणि खाली, बारीक फांद्यांतून
स्नायूवर जी राखी सावली पसरायला हवी
तिथे पडदा कोरा.

‘नो-रिफ्लो,’ खर्डेकर मॅडम पुटपुटल्या,
नको असलेल्या पाहुण्याचं नाव घ्यावं तसं.

पेशंट जागा होता. इथे जागेच असतात.
हिरामण ढेबे, वय त्रेपन्न,
गाव पानशेतच्या वर, राहणार धनकवडी,
नोकरी: पाणीपुरवठा, व्हॉल्व्हवर.
छातीत कधीपासून? रात्री दोन.
इथे पोचले? पाच चाळीस.
मधल्या रकान्यात मी काय लिहू, विचारलं होतं.
म्हणाला, साडेतीनला चावी फिरवायची असते, ताई.
सत्तेचाळीस आटे.
डावा हात उचलेना, मग उजव्याने फिरवले.
मग गाडीला किक मारली.

आता टेबलावरून, छताकडे बघत:
‘मॅडम, सुरू झालं का?’

मॅडमनी सांगायचा प्रयत्न केला.
मोठी नस मोकळी आहे, पण पुढच्या केसाएवढ्या नसा
सुजल्यात, आवळल्यात, गाठीचा चुरा...
‘म्हणजे मेन लाइनला प्रेशर आहे
आणि वरच्या गल्लीत थेंब नाही.’
हो, मॅडम म्हणाल्या. असंच.
‘होतं असं. गाळ जाऊन बसतो.
लाइन फार वेळ कोरडी राहिली ना, की मग
नुसता व्हॉल्व्ह उघडून भागत नाही.’

फार वेळ.
हे आमच्यापैकी कुणी बोललं नव्हतं.
मला वाटतं बोलून झाल्यावर त्यालाही ऐकू आलं,
कारण त्याने डोळे मिटले
आणि पुढे काही विचारलं नाही.

बारीक नळी आत, अगदी पुढे.
अॅडिनोसिन, थोडं थोडं.
ठोके एकदम खाली आले, माझ्या पोटात गोळा,
परत वर आले.
थांबायचं. पुन्हा द्यायचं. पुन्हा थांबायचं.
एवढी कोट्यवधींची मशीन, चार शिकलेली माणसं,
आणि आम्ही सगळे
कोरड्या नळाखाली हंडा लावून बसलेल्या बायांसारखे
त्या एका पांढऱ्या जागेकडे बघत.

तिसऱ्या डोसनंतर काहीतरी दिसलं.
ओल्या बोटाने पाटी पुसल्यावर राहतो तसा फराटा.
आला म्हणावं का?
मॅडम म्हणाल्या, लिही, थोडा आला.
मॉनिटरवरची रेघ अजून खांदा उचलून होती.

त्याचे कपडे, घड्याळ, करदोटा
प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझ्या टेबलाखाली.
पिशवी थरथरत होती मघापासून.
नावं त्याने गल्ल्यांची ठेवलेली:
‘दत्त चौक’, ‘चाळ मागची’,
आणि आत्ता, अकराव्यांदा, ‘टेकडी शेवटचं घर’.
नियमात बसत नाही, पण उचलला.

‘ढेबेभाऊ, अहो कुठे आहात?
टाकी भरली, हौद भरला, बादल्या भरल्या,
आता जिन्यावरून रस्त्यावर चाललंय पाणी.
एवढ्या जोरात कधी आलं नव्हतं बाई आमच्याकडे.
बंद करा ना.
बंद कोण करणार?’

मी काचेतून आत पाहिलं.
मॅडम चौथा डोस भरत होत्या.

चावी खाली पार्किंगमध्ये आहे,
स्कूटरला दोरीने बांधलेली,
पाच फूट लोखंड.
येताना मी तिलाच अडखळले होते.