तासिका तत्त्वावर

देवळाली कॅम्पात खोर्शेदबाईंनी
नवऱ्याचं कपाट उघडलं तेव्हा
डांबरगोळ्यांच्या वासातून
आधी दिसला तो कोपर,
टेकून टेकून विरलेला.
‘ट्वीड छे,’ म्हणाल्या, ‘पण तू तो एकदम बारीक.’

भद्रकालीतल्या सखाहरी शिंप्यानं
कोट उलटा करून शिवण वाचली,
चष्मा कपाळावर ढकलून.
‘कंबर घेतो. खांद्याला हात लावणार नाही.’
कोपरांना ठिगळं बहिणीच्या जुन्या पर्सची.

मग नादच लागला.
बुधवारच्या बाजारात, जर्मनच्या पातेल्यांशेजारी
मोहरीच्या रंगाची कॉर्डरॉय,
साठ रुपयांचं जाकीट, पाच बटणं, पाचही वेगळी.
ठिपक्यांचा बो अजून
सकाळचा अर्धा तास खातो.
साखळीचं घड्याळ बंद आहे.
चालेल. माझे तास कॉलेज मोजतं,
पैसे दिवाळीनंतर कधीतरी.

मुलं विचारतात, सर, आज नाटक आहे का?
आहे, म्हणतो,
आणि फळ्यावर बेसाल्टचे थर काढतो,
खडूची पूड बाहीवर.

डिसेंबरात पारा सहावर.
स्टाफरूममध्ये कायम झालेले सगळे
हाफ स्वेटरात, चहाच्या कपाला धरून.
मी खिडकीपाशी, बटणं उघडी टाकून.

परवा कॅम्पात गेलो, सहज विचारलं,
काका कुठल्या कॉलेजात शिकवायचे?
खोर्शेदबाई इतक्या हसल्या की खोकला आला.
‘शिकवते? अरे डिकरा,
दारूचं दुकान होतं आपलं, लॅम रोडवर.
आखो दिवस काउंटरवर असा टेकून बसायचा.’

घरी येऊन
ठिगळाखाली बोट घालून पाहिलं.
मऊ होतं.