वरची खोली

केपटाउनहून परतल्यावर
दांडिया बाजारात, सेव-उसळ पुढे ठेवून
मी सांगत होते :
कायदा गेला हो, पण डोंगराखालचे बंगले
अजून त्यांचेच.
आणि आमचा गाईड, लुयांडा,
पत्र्याच्या घरातून पहाटे चारला निघतो
आम्हाला तो डोंगर दाखवायला.
बाकाचा फोटोही दाखवला.
‘फक्त गोऱ्यांसाठी.’
वन्सं च्‌ च्‌ म्हणाल्या.

खाली बेल वाजली.
मलावीचा मुलगा, युनिव्हर्सिटीतला,
नाव चिकोंडी म्हणाला,
मोडक्या गुजरातीत विचारत होता खोलीचं.

‘गेली,’ म्हणाले मी.
जीभ अडखळली नाही.

फाटक लावताना त्यानं वर पाहिलं.
गॅलरीत पाटी तशीच :
भाड्यानं देणे आहे.
गुजरातीतही लिहिलंय खाली,
यजमानांच्या सुबक अक्षरात.

वर आले तर वन्सं विचारतात,
पुढचा फोटो?