कारणाचा रकाना

फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता,
संस्था सोडण्याचे कारण.
पुढे अडीच इंच जागा.
मी पेन उघडलं, बंद केलं.
खिडकीमागचा कारकून म्हणाला,
"घरगुती लिहा, सगळे तेच लिहितात."
तू माझ्यामागे, भिंतीला पाठ लावून,
बुटाच्या सुटलेल्या लेसकडे बघत.

नोटांच्या छापखान्यात सत्तावीस वर्षं झाली मला.
करकरीत कागदावरचा सरकलेला आकडा
हातभर अंतरावरून दिसतो.
तुझ्या आवाजात काय सरकलंय
ते तीन महिने ऐकू आलं नाही.
जेवलीस का, विचारायचो. हो म्हणायचीस.
अभ्यास? चालूय.
दिवाळीला आलीस तेव्हा म्हणालीस,
पप्पा, झोप लागत नाही मला.
म्हणालो, सहन कर थोडं,
चार वर्षांचा तर प्रश्न आहे.
हे वाक्य मी तीनदा बोललोय.
मोजलंय.
मोजण्याचाच पगार घेतो मी.

मग तो फोन, रात्री अडीचला.
तू काहीच बोलत नव्हतीस.
पलीकडे पंखा फिरत होता, एवढंच.
तुझ्या आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला,
म्हणाली, "निघालो आम्ही. तू फक्त कडी उघडी ठेव."
मला नसतं सुचलं,
कडीचं.

शेवटी लिहिलं मी : तब्येत. मनाची.
कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं,
"पुढचा शब्द खोडू?"
राहू द्या म्हणालो.

गादी तू मैत्रिणीला दिलीस,
टेबललॅम्प वॉचमनच्या पोराला.
बादली राहू दे म्हणालीस. मी आणलीच.
निळी, एक कान तुटलेली,
दोन गाड्या बदलून,
वरच्या बर्थवर माझ्या उशाशी.
तू डोळे मिटून पडली होतीस.
माणसाला काहीतरी धरायला लागतं.

पहाटे नाशिकरोडला उतरलो, हाडं गोठवणारी थंडी.
रिक्षावाल्यानं विचारलं, "सुट्टी लागली का ताईला?"
"लागली," आई म्हणाली.
जिन्यात गांगुर्डेबाई भेटल्या,
"परत कधी जायचं मग?"
"माहीत नाही," हे दोन शब्द
मी जेलरोडच्या त्या जिन्यात शिकलो,
वयाच्या चोपन्नाव्या वर्षी.

आता पहिल्या पाळीला निघताना
बूट हातात घेऊन खाली उतरतो.
तू अकराला उठतेस, कधी बाराला.
तुझ्या गोळ्या फ्रिजवर उघड्यावर असतात,
माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी.
पाहुणे येतात, बघतात, चहा पितात.
बुधवारी शरणपूर रोडला डॉक्टरकडे.
स्कूटरवर तू काही बोलत नाहीस.
खांद्यावर हात असतो.

परवा येताना बिटको चौकात
पेरूच्या गाडीवर उन्हासाठी फ्लेक्स बांधलेला,
क्लासवाल्यांनी जूनमध्ये लावलेला, तोच.
तुझा फोटो. उलटा.
खाली तुझा क्रमांक, त्यातला एक आकडा
दोरीच्या भोकात गेलेला.
मी स्कूटर पुढे काढणार होतो.
तू म्हणालीस, थांबव.
मान वाकडी करून बराच वेळ बघितलंस वर.
मग पेरूवाल्याला विचारलंस,
"दादा, ऊन थांबतं का यानं?"
"थांबतं की ताई. जाड आहे.
अजून दोन वर्षं जाईल."
तुला हसू फुटलं. आधी नाकातून,
मग गाडीचा दांडा धरून.
तो बिचारा काय चुकलं म्हणून
एक पेरू वर टाकून मोकळा झाला.

घरी आल्यावर निळ्या बादलीत पेरू धुतले.
पुढे काय, ते तू विचारलं नाहीस,
मलाही सांगता आलं नसतं.
एक किडका निघाला.
मी टाकायला उचलला. हाताची सवय.
"आण इकडे," म्हणालीस,
तेवढा भाग कापून बाजूला ठेवलास,
बाकीचा खाल्लास,
ओट्याला टेकून,
बिया दाताखाली वाजवत.