निरंक

वादळानंतर नवव्या दिवशी
पंचनाम्याचे फॉर्म घेऊन मी भाट्याला उतरले.
रकाने छापून तयारच होते:
बोटीचा नोंदणी क्रमांक. इंजिनाची अश्वशक्ती.
जाळ्यांचं वजन. मालकाचं नाव.

द्वारकी भाटकर सगळ्यांत शेवटी आली,
पदराला हात पुसत.
"बोट?"
"नाय."
"जाळी?"
"कोयती हाय. नि ह्ये गुडगं."

सुकती लागली की ती खाडीत उतरते.
तिसऱ्या कुठे बसल्यात ते टाचेला कळतं म्हणाली,
पोटातलं पोर कुठे वळलं ते कळतं तसं.
मग स्वतःच हसली:
"तसं नाय काय गो. ह्ये पैशाचं हाय."
तीस वर्षं. दोन पोरींच्या फिया, नवऱ्याचं डायलिसिस,
पुलाच्या तोंडाशी बसून
वाट्यावाट्यानं विकलेलं.

आता तिथे हातभर रेती.
वर्षभर तरी तिसरी नाही.

फॉर्मच्या पाठीवर मच्छीमाराची व्याख्या होती.
तिच्यात समुद्र होता, नौका होती, परवाना होता.
टाच नव्हती.
अशा वेळी नुकसानीच्या रकान्यात लिहायचं असतं:
निरंक.

मला येतो हा शब्द.
मागच्या मे महिन्यात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत,
राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय
मी कलमांच्या बागेवरचा हक्क सोडला.
भावानं गाडीचं दार उघडून धरलं होतं.
वहिनीनं आदल्या दिवशीच ओटी भरलेली.
मोबदला: निरंक.
माझा अंगठा मशीनवर उमटेना
तेव्हा साहेब म्हणाले,
भांडी घासून रेषा गेल्या वाटतं.
सगळे हसले.
मीही.

"बाय, नाव तरी लिव," द्वारकी म्हणाली.
"मागल्या खेपेला ह्यांचं लिवलंनीत.
त्यो कदी खाडीत उतरला नाय."

शेऱ्याला दोनच ओळींची जागा.
मी बारीक अक्षरात सुरुवात केली:
द्वारका सखाराम...

"सखाराम कशाला?" ती वाकून बघत होती.
तिला वाचता येतं हे मी धरलंच नव्हतं.
"त्याचं काय बुडालं?"

मी खोडलं.
सरकारी कागदावर खाडाखोड केली
तर शेजारी सही लागते.
केली.

कागद वरून परत येईल, ठाऊक आहे.
तिलाही असावं. पावती मागितली नाही तिनं.
सुकती सरायला अजून तासभर होता,
नि रेतीखाली काय उरलंय
ते बघायची तिला घाई होती.