खांब उभे आहेत

पळस्प्याला रस्ता ओळखीचा झाला
आणि मला जरा वाईटच वाटलं.
सत्तेचाळीस दिवस एकही पाटी
वाचल्याशिवाय सोडली नव्हती;
आता कळंबोली, खारघर, बेलापूर
न वाचताच डोळ्यांतून निघून जायला लागले.

वाटेत सगळे एकच विचारत, कुठून?
मी म्हणायची, ठाणे.
भटकळच्या अलीकडे एका बाईनं
ते ऐकून अंगणातली पोरं आत घेतली.
थाना? पोलीस?
मी हेल्मेट काढलं, पिकलेले केस दाखवले.
मग तिनं लोटाभर पाणी दिलं
आणि दुसरा लोटा, न विचारता, माझ्या मानेवर ओतला.
नाव नफीसा.
मान ते पाणी विसरलेली नाही.

कळंबोलीला स्टील मार्केटात शिरले.
काम काही नव्हतं.
म्हणजे होतं:
होन्नावरच्या पुढे चढावर रात्र पडली,
माझा दिवा मेला,
आणि मागून आलेला ट्रक पुढे गेलाच नाही.
नऊ किलोमीटर, पहिल्या गिअरात,
माझ्यामागे उजेड धरून चालला.
हॉर्न नाही, शब्द नाही,
माझीच सावली माझ्यापुढे लांबच लांब
पॅडल मारत होती.
गाव लागल्यावर त्यानं ओव्हरटेक केलं.
खिडकीतून एक हात बाहेर आला,
कोपरापाशी हिरवं गोंदण, मोर असावा.
चेहरा दिसला नाही.
एमएच शेहेचाळीस, एवढंच वाचता आलं,
म्हणजे पनवेल, म्हणजे आपलाच.

तर कळंबोलीला तासभर
उभ्या ट्रकांच्या खिडक्यांतले हात बघत फिरले.
चहावाला म्हणाला, काय हवंय ताई?
म्हटलं, मोर.
त्यानं कपात थोडा जास्त चहा ओतला
आणि पुढे काही विचारलं नाही.

तुर्भ्याला, घर चौदा किलोमीटरवर असताना,
मागचं चाक बसलं.
पंक्चरवाला सुगतन.
ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता
त्यानंही विचारलं, कुठून?
तोंडावर आलेलं ठाणे गिळलं.
ठाण्याहून तुर्भ्याला येताना
कुणी एवढं काळवंडत नाही.
कन्याकुमारी, म्हटलं.

त्याचे हात थांबले. बुडबुडे चालूच.
खाडीपलीकडच्या एका गावाचं नाव घेतलं त्यानं.
तिथला पूल झाला का?
सहा वर्षं गेलो नाही.
भाऊ फोनवर म्हणतो, झालाच समज.

मी ती खाडी होडीनं ओलांडली होती,
सायकल आडवी, तिच्यावर कुणाची तरी माशांची टोपली,
आणि डोक्यावर
दोन्ही काठांकडून निघून
मधे न भेटलेलं सिमेंट.
उघड्या गजांवर बगळे.

सुगतन बघत होता.
मी म्हटलं, खांब उभे आहेत.
खांब, तो म्हणाला.
बरं. खांब उभे आहेत.
मग ठिगळ अंगठ्यानं दाबून बसला,
सोल्युशन केव्हाच सुकलं असेल तरी.
पन्नास रुपये घेतले. घेतले तेच बरं वाटलं.

रबाळ्याला माझ्या बंद पडलेल्या कंपनीच्या
फाटकावर नवं नाव, वॉचमन जुनाच.
त्यानं सायकलला सलाम केला,
मला ओळखलं नाही.
अठरा वर्षं ह्याच फाटकातून
पगाराची रजिस्टरं काखेत घेऊन.
थांबले नाही.
कळव्याच्या पुलावरही नाही.
हा पूल पुरा झालेला.

कोलबाडच्या कोपऱ्यावर दूधवाला म्हणाला,
बरेच दिवस दिसला नाहीत.
आजारी होतात का?
हो, म्हटलं, पायांचं जरा.
अर्धा लिटरच ना?
अर्धाच.