सहा शिट्ट्या, मग एक मिनिट

उद्या सकाळची गाडी, शेफील्ड ते ईडेल.
जेमतेम अर्धा तास. मधे एक लांब बोगदा,
त्यात शिरताच डोरीन बोलायची थांबते
आणि उजेडात आल्यावर
त्याच शब्दापासून पुढे चालू करते.

उद्या ती नाही.
गुडघा नवा बसवलाय, पाय स्टुलावर,
फोन स्पीकरवर, आणि एकामागून एक फर्मानं:
नकाशा बॅगेच्या तळाशी घालू नकोस.
तळाशी गेलेला नकाशा म्हणजे घरी राहिलेला नकाशा.

सात वर्षं चढतोय आम्ही दोघी.
नकाशा तिच्याकडे, खाणं माझ्याकडे.
ही वाटणी कधी झाली
दोघींनाही आठवत नाही.

जेवणाच्या टेबलावर सगळं मांडते.
रेनकोट. मे महिना आहे, तरी रेनकोट.
इथला पाऊस पडत नाही, नुसता असतो.
जादा मोजे, कारण वरच्या पठारावरचा काळा चिखल
एकदा बूट धरला की
सावकारासारखा नाही, लहान मुलासारखा धरतो,
हसत, दोन्ही हातांनी.
पट्ट्या, मलम, पाणी, थर्मास.
चहात आलं.
(चहाला ताप आलाय, म्हणते डोरीन, आणि दोन कप पिते.)
टॉर्च.
अगं, दिवसाउजेडी परतणार मी.
तसं ठरवलेलं असतं तेव्हाच टॉर्च लागते, ती म्हणते.

मुकुंद दारातून डोकावतो:
एका दिवसाला चाललीस की नांदायला?

नववीत आमची सहल गडावर गेली होती.
फ्रॉकच्या खिशात एक काकडी,
मीठ वर्तमानपत्राच्या पुडीत.
बाईंनी एवढंच सांगितलं:
पुढच्या मुलीची वेणी दिसत राहिली पाहिजे.
बास. तोच नकाशा.
धुकं आलं तेव्हा मी शोभना रणदिव्यांच्या
लाल रिबिनीमागून वर गेले, तिच्याच मागून खाली आले.
गड कसा होता, विचारू नका.

आणि आता लक्षात येतंय,
ही सात वर्षं मी डोरीनची
लोकरीची पिवळी टोपी बघत चालले.
कुठली वाट, कुठलं कुंपण, मेंढ्यांचं फाटक कुठे लागतं,
विचारू नका.

तर होकायंत्र.
काय नाव ठेवलंय बघा,
प्रत्येक वळणावर आधी शंका घेणारं:
इथून डावीकडे? हो का?
हा ओढा तोच? हो का?
तळहातावर धरते. सुई थरथरते, मग ठरते
फ्रीजच्या दिशेला.
ती उत्तर दाखवते.
उत्तर देत नाही.

शिट्टी?
आहे, बॅगेच्या पट्ट्यालाच आहे.
कशी वाजवायची?
मिनिटात सहा वेळा. मग एक मिनिट गप्प.
गप्प का?
तू सांग, डोरीन म्हणते. मास्तरीणच ती, बत्तीस वर्षं.
ऐकायला.
कुणी ऐकलं असेल तर तीन वाजवतो.

वाजवून बघते. हळूच, सहा.
शेजारचा कुत्रा भुंकतो.
मुकुंद वरून ओरडतो, काय चाललंय.
मी घड्याळाकडे बघत गप्प राहते,
आणि स्वयंपाकघरातला तो एक मिनिट
पठाराएवढा पसरतो.

मग फोनमधून
ओठांची, अर्धी हवाच, एक.
दोन.
तिसरी खोकल्यात गेली.

झोप आता, ती म्हणते. बूट दाराशी ठेव.

नकाशा वरच्या कप्प्यात.
लसणाच्या चटणीच्या डबीला दोन रबर.
दुधातल्या दशम्या, चार.
चार कशाला?
हात सवयीने मळत गेला.
दोन बाहेर काढते, परत आत ठेवते.
दशमीचं असून असून वजन किती असणार.