एक मिनिट खोली

लोरेटा पिको रेडिओवर आली ती माशांचे भाव सांगायला.
सेंट जॉन्सच्या स्टेशनात, संध्याकाळी सव्वासहाला,
कॉड इतक्याला, हेरिंग इतक्याला, वारा ईशान्येचा.
भाव संपायचे आणि तीन मिनिटं उरायची.
त्या तीन मिनिटांत तिने एकदा, कुणाला न विचारता,
बापाच्या अकॉर्डियनची टेप लावली.
वरच्या मजल्यावर एक जण रागावला. खाली चाळीस फोन आले.
पुढची एकतीस वर्षं त्या उरलेल्या तीन मिनिटांचीच.

मी तिचा टेपवाला.
माझ्या वाट्याला ब्लेड, चिकटपट्टी, पिवळी पेन्सिल
आणि तिची बॅग.
मला होडी लागायची; ती डब्यातल्या दुधाचा चहा पीत
नकाशावरून पुसलेल्या गावांची नावं मोठ्याने म्हणत बसायची.
सरकारने उठवलेली गावं ती.
लोकांनी घरं ओंडक्यांवर चढवली, दोर बांधले
आणि खाडीपार ओढत नेली, खिडक्यांना पडदे तसेच.
"घर तरंगलं," ती म्हणायची, "गाण्याचं काय झालं ते बघू."

अँब्रोझ टोबिनकडे आम्ही तीनदा गेलो.
पहिल्यांदा त्याने दार उघडलं नाही.
दुसऱ्यांदा उघडलं, पोटभर मासा खाऊ घातला,
पण अकॉर्डियन कपाटावरून खाली काढलं नाही.
"कॉड संपला," म्हणाला, "आता नाचायचं कुणी?"
तिसऱ्यांदा तिने काही मागितलंच नाही.
एवढंच म्हणाली, या मुलाला एक मिनिट खोली हवी आहे.

सांगतो. बोलणं भरून झालं की
सगळ्यांना गप्प बसवून रिकामी खोली भरून घ्यायची असते,
म्हणजे दोन वाक्यं जोडताना मधे भगदाड पडत नाही.
ठिगळाचं कापड ते. ऐकणाऱ्याला कळूच नये म्हणून.

तर बसलो गप्प.
फ्रिज घरघरला. घड्याळ जरा लंगडत चाललं होतं.
चुलीत एक लाकूड खाली बसलं.
आणि चाळिसाव्या सेकंदाला अँब्रोझचा बूट
टेबलाखाली, त्याला न विचारता, ठेका धरू लागला.
त्याच्या बायकोने, ब्राइडने, बटाटे सोलता सोलता
तोंडाने चाल उचलली. शब्द नाहीत, नुसतं डिडल-डाय-डो.
वाद्य गहाण पडलं की तिकडे असंच नाचवतात,
हनुवटीचं संगीत म्हणतात त्याला.
मी टेपकडे पाहिलं. फिरत होती.

बावन्न मिनिटांचा माहितीपट झाला. टोरंटोहून बक्षीस आलं,
काचेचं, जड. ती त्याने दार अडवायची.
मग टोरंटोहूनच पत्र: अठ्ठावीस मिनिटांचा करा.
तिने स्वतःचं बोलणं सगळं कापलं. ब्राइडचा श्वाससुद्धा ठेवला.

ब्लेड गेलं, टेप गेली.
माझ्या कानांतले वरचे सूर गेले;
चिमण्या आता मला नुसत्या चोच उघडताना दिसतात.
अँब्रोझ गेला, सतरा दिवसांनी ब्राइड.
आणि एका मंगळवारी दोन ओळी: कार्यक्रम बंद, आभारी आहोत.

स्टुडिओत एक यंत्र असतं, शांततेवर पहारा ठेवणारं.
बारा सेकंद काही ऐकू आलं नाही की त्याला वाटतं स्टेशन मेलं,
मग ते आपलं आपण कसलंतरी गोडगोड वाजवायला लागतं.
शेवटच्या रात्री, दोन मिनिटं उरली असताना,
लोरेटाने काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं.
मी पहाऱ्याची चावी फिरवली.

फ्रिज. घड्याळ. लाकूड.
बूट वाजणार, त्याच्या आधी तिने थांबवलं.

एकच फोन आला, अल्बर्टाहून, तेलाच्या खाणीवरून,
टोबिनांची धाकटी.
"ते आमचं घड्याळ आहे," म्हणाली. "थांबवलंत का?
पुढचं मला येतं."
आणि तिकडे कुठल्यातरी पत्र्याच्या जमिनीवर
टाच वाजू लागली.
लोरेटाने रिसीव्हर मायक्रोफोनला टेकवला.
वरच्या मजल्यावर रागवायला कुणी उरलं नव्हतं.

मी चावी परत फिरवायला विसरलो.
सकाळी हवामान सांगणाऱ्या मुलाने फिरवली असेल.
वारा ईशान्येचाच होता.